रक्तात भरपूर, कफात किती?

छातीतला संसर्ग लांबला की डॉक्टर थुंकीचं कल्चर करायला सांगतात. दोन-तीन दिवसांनी कागद हातात येतो. वर जंतूचं नाव, खाली दहा-पंधरा औषधांची यादी आणि प्रत्येक नावापुढे ‘एस’ किंवा ‘आर’. ‘एस’ म्हणजे जंतू त्या औषधाला दबतो, ‘आर’ म्हणजे दबत नाही. एवढा सरळ हिशेब समोर असताना ‘एस’ लिहिलेलं औषध पूर्ण डोसात देऊनही ताप उतरत नाही, कफाचा रंग बदलत नाही, असं अनेकदा घडतं. उलटही घडतं, कागदावर डळमळीत दिसणाऱ्या औषधाने रुग्ण आठवड्यात उठून बसतो. मग नातेवाइकांच्या तोंडी ठरलेलं वाक्य येतं : ‘डॉक्टर, जरा स्ट्राँग औषध द्या.’ यामागची समजूत अशी की प्रत्येक अँटिबायोटिकची स्वतःची एक ठरलेली ताकद असते, कुणाची कमी, कुणाची जास्त, आणि महागड्या इंजेक्शनाची सगळ्यात जास्त. फुप्फुसाच्या बाबतीत ही समजूत टिकत नाही, असं मला सांगायचं आहे. औषध रक्तात किती चढलं यावरून ते श्वासनलिकेतल्या कफात किती उतरलं हे कळत नाही. कफात उतरलेल्यातलं किती तिथे काम करतंय, तेही त्यावरून कळत नाही. आणि जंतू नेमका कुठे बसला आहे हे ठाऊक नसेल तर या दोन्ही आकड्यांना फारसा अर्थ उरत नाही. कल्चरच्या कागदात यातलं काहीच नसतं, कारण प्रयोगशाळेतल्या बशीत ना पू असतो ना चिकट कफ, आणि तिथली ‘एस’ची मर्यादा आखताना मुख्यतः औषधाची रक्तातली पातळी धरलेली असते.

खरं तर औषध पोहोचवायला फुप्फुसाइतकं सोपं ठिकाण नसावं, असं वाटेल. हृदयाच्या उजव्या बाजूने फेकलेलं सगळंच्या सगळं रक्त फुप्फुसातून जातं. शिरेत दिलेलं इंजेक्शन इतर अवयवांच्या आधी तिथे पोहोचतं. पण रक्ताचा हा पूर असतो वायुकोशांभोवती. कफ जिथे तयार होतो त्या श्वासनलिकांच्या भिंतींना रक्त पुरवणाऱ्या धमन्या वेगळ्या, मुख्यतः महाधमनीतून निघालेल्या बारीक फांद्या, आणि त्यांच्या वाट्याला हृदयाच्या एकूण रक्तपुरवठ्यातला जेमतेम एखादा टक्का येतो. वायुकोशांपाशी रक्त मुबलक असलं तरी तिथेही रक्त आणि हवा यांच्यामध्ये दोन पडदे आहेत : एक केशवाहिनीचा, दुसरा वायुकोशाच्या अस्तराचा. पहिल्यातून औषध बऱ्यापैकी पाझरतं. दुसऱ्यातल्या पेशी मात्र एकमेकींना घट्ट सांधलेल्या असतात. तशा त्या नसत्या तर रक्तातलं पाणी वायुकोशांत झिरपून माणूस स्वतःच्याच फुप्फुसात बुडाला असता. जे अस्तर आपल्याला बुडू देत नाही तेच औषधाला अडवतं. धरण काठोकाठ भरलेलं, कालव्याला आवर्तन सुटलेलं, आणि टेलच्या शेतकऱ्याच्या चारीत मात्र नुसता ओलावा, हे महाराष्ट्राला नवं नाही. रक्ततपासणीत दिसणारी औषधाची पातळी ही धरणातली पातळी आहे, आणि जंतू बहुधा टेलला असतात.

हे अस्तर ओलांडायचे मार्ग दोन : पेशींमधल्या फटींतून, किंवा पेशीच्या आवरणातून थेट आरपार. पेशीचं आवरण स्निग्ध पदार्थांचं असतं, त्यामुळे स्निग्धात विरघळणारी औषधं सहज पार होतात. लिव्होफ्लॉक्सासिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन ही फ्लुरोक्विनोलोन गटातली औषधं, अझिथ्रोमायसिन, डॉक्सिसायक्लिन, लिनेझोलिड, क्षयावरचं रिफाम्पिसिन ही त्यातली. पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन आणि मेरोपेनेम यांचं मोठं घराणं, जेंटामायसिन-अमिकासिन, व्हँकोमायसिन, कोलिस्टिन ही पाण्यात विरघळणारी. त्यांना फटींवरच अवलंबून राहावं लागतं. त्यातही रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेलं औषध रक्तातच अडकतं, सुटं असतं तेवढंच बाहेर पडू शकतं. आपल्याकडे सर्रास दिलं जाणारं सेफ्ट्रियाक्सोन ८५ ते ९५ टक्के असं चिकटलेलं असतं. परिणाम असा की फ्लुरोक्विनोलोनची कफातली पातळी रक्ताच्या बरोबरीने किंवा वर जाते, आणि पेनिसिलिनच्या घराण्यातल्या औषधांची बहुधा रक्ताच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास घुटमळते. यात सूज ही आणखी एक भानगड आहे. संसर्गाने अस्तर सुजलं की पेशींमधल्या फटी रुंदावतात आणि औषध जास्त उतरतं. रुग्ण सुधारू लागला, कफातला पू ओसरला, की फटी मिटतात आणि त्याच डोसाला कफातली पातळी खाली येते.

आता यावर पहिला आक्षेप सरळ आहे. पेनिसिलिन कफात इतकं कमी उतरत असेल तर १९४०च्या दशकापासून त्याने न्यूमोनिया बरा कसा होतो आहे? उत्तर जंतूच्या बाजूला आहे. न्यूमोनियाचा नेहमीचा जंतू न्यूमोकॉकस, आणि त्याच्या साध्या, औषधाला न सोकावलेल्या जातींना रोखायला दर मिलिलिटरला ०.०६ मायक्रोग्रॅम किंवा त्याहूनही कमी पेनिसिलिन पुरतं. अमॉक्सिसिलिनची ५०० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल घेतल्यावर रक्तातली सर्वोच्च पातळी साधारण ५.५ ते ७.५ मायक्रोग्रॅम होते. त्याचा दहावा हिस्सा धरला तरी अर्धा मायक्रोग्रॅम उरतो, गरजेच्या आठपट. टेलला पोहोचलेलं पाणी थोडं असलं तरी हे पीक थोड्यावरच भागवणारं आहे. हाच हिशेब हिमोफिलस इन्फ्लुएंझी या जंतूला लावा. जुनाट ब्राँकायटिसच्या रुग्णांच्या कफात तो नेहमी सापडतो, आणि त्याला रोखायला अमॉक्सिसिलिन बऱ्याचदा ०.२५ ते १ मायक्रोग्रॅम लागतं. इथे तोच अर्धा मायक्रोग्रॅम काठावर येतो. औषध तेच, डोस तोच, फुप्फुसही तेच. एका जंतूपुढे ते भरपूर आणि दुसऱ्यापुढे कसंबसं. म्हणून ‘दहा टक्केच शिरतं’ हे वाक्य एकटं वाचलं तर ते खरं असूनही दिशाभूल करतं.

ठिकाणाचं महत्त्व किती, याचा सगळ्यात बोलका पुरावा कुठल्या प्रयोगात नसून एका नियमबदलात आहे. अमेरिकेतली क्लिनिकल अँड लॅबोरेटरी स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूट ही संस्था कल्चरच्या कागदावरच्या ‘एस’ आणि ‘आर’ यांच्या सीमारेषा आखते आणि जगभरातल्या अनेक प्रयोगशाळा त्या पाळतात. २००८ पर्यंत न्यूमोकॉकसला ०.०६ मायक्रोग्रॅमपर्यंत पेनिसिलिन लागलं तर ‘एस’, २ किंवा अधिक लागलं तर ‘आर’, असा एकच नियम होता, मग जंतू मेंदूच्या आवरणात असो की फुप्फुसात. त्या वर्षी संस्थेने तो मोडला. मेंदूज्वरासाठी ०.०६ची रेघ तशीच ठेवली. न्यूमोनियात शिरेवाटे पेनिसिलिन द्यायचं असेल तर मात्र २ मायक्रोग्रॅमपर्यंतचा जंतू ‘एस’ ठरवला. काल ज्या जंतूपुढे ‘आर’ छापून येत होतं त्याच्यापुढे दुसऱ्या दिवशी ‘एस’ येऊ लागलं. जंतूत काहीच बदल झाला नव्हता. असे ‘आर’ न्यूमोनिये शिरेतल्या पेनिसिलिनने बरे होताना डॉक्टर अनेक वर्षं पाहत होते, आणि मेंदूभोवतीच्या द्रवात औषध जितकं तुटपुंजं उतरतं तितकी वाईट अवस्था फुप्फुसात नसते, हे उशिरा का होईना कागदावर आलं.

मग हे सगळं मोजून का टाकत नाहीत? मोजतात, पण मोजणं अवघड आहे. जुन्या अभ्यासांत थुंकीतलं औषध मोजत. थुंकीत लाळ मिसळते, कफ तासन् तास नळीत साचलेला असू शकतो, त्यामुळे आकडे वाटेल तसे हलतात. दुसरी रीत म्हणजे शस्त्रक्रियेत काढलेला फुप्फुसाचा तुकडा वाटून त्यातलं औषध मोजायचं. त्यात रक्त, पेशींच्या आतलं पाणी, पेशींबाहेरचं पाणी, सगळं एकजीव होतं आणि जंतूच्या शेजारी किती औषध होतं हा मूळ प्रश्नच पुसला जातो. न्यूमोनियासाठी खरा मोजायला हवा तो श्वसनमार्गाच्या अस्तरावरचा द्रवाचा पातळसा थर. तो गोळा करायला दुर्बीण घालून फुप्फुसाचा एक भाग सलाईनने धुतात, पण धुतल्यावर थर शंभरेक पटींनी पातळ होतो. १९८६मध्ये स्टीफन रेनार्ड आणि सहकाऱ्यांनी यावर एक हुशार तोड काढली. युरिया हा छोटा रेणू अस्तरातून मोकळेपणाने ये-जा करतो, म्हणून रक्तात आणि त्या थरात तो सारखाच असतो. धुतलेल्या पाण्यात युरिया किती पटींनी कमी झाला हे पाहिलं की पाणी किती मिसळलं ते निघतं, आणि त्यावरून औषधाची मूळ पातळी काढता येते. आजचे बहुतेक आकडे या युक्तीवर उभे आहेत. तीही निर्दोष नाही. सलाईन आत जरा जास्त वेळ राहिलं तर आजूबाजूचा युरिया त्यात झिरपतो आणि औषध आहे त्यापेक्षा कमी दिसतं. धुताना जंतू गिळणाऱ्या भक्षकपेशी फुटल्या तर त्यांच्या पोटातलं औषध बाहेर सांडतं आणि ते आहे त्यापेक्षा कितीतरी जास्त दिसतं. त्यात रक्तातली पातळी भराभर उतरते, थरातली मागून सावकाश. एकाच औषधाचं प्रमाण तासाभराने एक आणि बारा तासांनी भलतंच निघू शकतं. म्हणून औषध कंपन्यांच्या पत्रकांतले ‘फुप्फुसात इतके टक्के’ हे आकडे पाहताना कधी मोजलं, कशात मोजलं आणि निरोगी माणसात की व्हेंटिलेटरवरच्या रुग्णात, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

भक्षकपेशींचा उल्लेख आला तो केवळ मोजमापातली अडचण म्हणून नाही. काही जंतू त्यांच्या पोटातच मुक्काम करतात. १९७६च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात अमेरिकन लिजन या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन झालं आणि त्यानंतर एक गूढ न्यूमोनिया पसरला; २२१ जण आजारी पडले, ३४ दगावले. जंतू कोणता हे कळायला पुढचं वर्ष उजाडावं लागलं. पण त्याआधीच रुग्णांच्या नोंदी चाळताना एक गोष्ट लक्षात आली होती : ज्यांना सेफॅलोस्पोरिन मिळालं त्यांच्यापेक्षा ज्यांना एरिथ्रोमायसिन किंवा टेट्रासायक्लिन मिळालं त्यांच्यात मृत्यू कमी होते. पुढे नाव मिळालेला हा लिजिओनेला जंतू वायुकोशांतल्या भक्षकपेशींत वाढतो. सेफॅलोस्पोरिन पेशीच्या आत जवळपास शिरतच नाही. एरिथ्रोमायसिन शिरतं आणि साठतंही. लिजिओनेला सेफॅलोस्पोरिन तोडणारं द्रव्यही बनवतो, त्यामुळे सगळं श्रेय शिरण्याला देता येत नाही, पण मोठा वाटा त्याचाच. एरिथ्रोमायसिनचा धाकटा भाऊ अझिथ्रोमायसिन या कलेत आणखी पुढे गेला. ५०० मिलिग्रॅम घेतल्यावर त्याची रक्तातली सर्वोच्च पातळी अवघी ०.४ मायक्रोग्रॅमच्या आसपास असते, आणि भक्षकपेशींत ते त्याच्या शेकडो पट साठतं. मात्र न्यूमोकॉकस पेशीबाहेर राहतो. त्याच्यासाठी पेशीच्या आतला हा साठा म्हणजे बऱ्याच अंशी बंद गोदामातला माल, आणि जाहिरातीत नेमका हाच आकडा ठळक छापलेला असतो.

औषध ठिकाणी पोहोचलं तरी प्रश्न संपत नाही, हे डॅप्टोमायसिनने शिकवलं. हे इंजेक्शन २००३मध्ये अमेरिकेत त्वचेच्या संसर्गासाठी मंजूर झालं. न्यूमोकॉकसला ते प्रयोगशाळेत पटापट मारत होतं, म्हणून न्यूमोनियातही त्याची सेफ्ट्रियाक्सोनशी तुलना झाली. डॅप्टोमायसिन घेणाऱ्यांपैकी ७९.४ टक्के बरे झाले, सेफ्ट्रियाक्सोन घेणाऱ्यांपैकी ८७.९ टक्के. कारण २००५मध्ये समोर आलं. वायुकोश कोलमडू नयेत म्हणून त्यांच्या आतून सर्फॅक्टंट नावाचा स्निग्ध लेप असतो. डॅप्टोमायसिन जंतूच्या आवरणातल्या स्निग्ध पदार्थांत घुसूनच त्याला मारतं. वायुकोशात त्याला जंतूच्या आधी हा लेप भेटतो आणि औषध त्यातच गुंतून निकामी होतं. रक्तप्रवाहातून फुप्फुसात विखुरलेल्या संसर्गात, जिथे लेपाशी गाठ पडत नाही, तेच औषध उपयोगी पडतं. सेफ्ट्रियाक्सोनशी झालेल्या त्या तुलनेतला एक तपशील मला मूळ निकालाहून बोधक वाटतो. ज्या रुग्णांना ही औषधं सुरू होण्याआधी चोवीस तासांपर्यंत दुसरं एखादं परिणामकारक अँटिबायोटिक मिळालेलं होतं, त्यांच्यात दोन्ही औषधांचे निकाल जवळपास सारखे आले. एका दिवसाच्या दुसऱ्या औषधाने सगळा फरक झाकून टाकला.

हा तपशील पुढच्या आक्षेपाला उत्तर देतो. ‘शेवटी रुग्ण बरा झाला की नाही एवढंच पाहा, कफातल्या मायक्रोग्रॅमचा ऊहापोह कशाला?’ असं व्यवहारी डॉक्टर म्हणतात, आणि त्यांची बाजू कमकुवत नाही. व्हँकोमायसिन अस्तरावरच्या थरात कमी उतरतं, लिनेझोलिड रक्ताइतकं. एमआरएसए या चिवट जंतूच्या न्यूमोनियात दोघांची तुलना २०१२मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा लिनेझोलिडवर ५७.६ टक्के रुग्ण सुधारले आणि व्हँकोमायसिनवर ४६.६ टक्के, पण साठ दिवसांतल्या मृत्यूंत म्हणण्यासारखा फरक नव्हता. जास्त शिरण्याचा फायदा दिसला, मात्र तो हवा होता तितका नाही. माझ्या मते याचा अर्थ मोजमाप निरुपयोगी आहे असा होत नाही. बहुतेक न्यूमोनिये अनेक औषधांनी बरे होतात, काही रोगप्रतिकारशक्तीच निस्तरते, आणि काही रुग्ण कोणत्याही औषधाने वाचत नाहीत; या सगळ्यांच्या सरासरीत औषधाच्या शिरण्याचा फरक बुडून जातो. तो उठून दिसतो तो कडेच्या रुग्णांत, जिथे जंतू अर्धवट सोकावलेला आहे आणि दुपटीचा फरक निर्णायक ठरतो. सेफ्टोलोझेन-टॅझोबॅक्टम या संयुक्त औषधाचा डोस लघवीच्या आणि पोटाच्या संसर्गाला दर आठ तासांनी दीड ग्रॅम होता. थरातली पातळी रक्ताच्या निम्म्यावर येते असं दिसल्यावर न्यूमोनियासाठी तो तीन ग्रॅम करून तपासला गेला आणि २०१९मध्ये अमेरिकेत मंजूर झाला. मेरोपेनेमसारखी औषधं अतिदक्षता विभागात अर्ध्या तासात न सोडता तीन-चार तास सावकाश सोडतात ती याच विचाराने. या गटाचा मारा पातळी किती उंच गेली यापेक्षा ती किती वेळ टिकली यावर अवलंबून असतो.

तिसरा आक्षेप बाजारातून येतो, आणि तो जास्त धोक्याचा आहे. शिरणारी औषधं माहीत आहेत तर तीच सगळ्यांना द्या ना! आपल्याकडे हे झालेलंच आहे. २०१९मध्ये भारताच्या खासगी बाजारात सगळ्यात जास्त खपलेलं अँटिबायोटिक म्हणजे अझिथ्रोमायसिनची ५०० मिलिग्रॅमची गोळी, एकूण खपाच्या ७.६ टक्के. तीन दिवसांचा कोर्स संपतो, पण औषधाचं शरीरातलं अर्धायुष्य सुमारे ६८ तास असल्याने ते पेशींतून पाझरत बराच काळ तुटपुंज्या पातळीत रेंगाळतं. जंतूंना मारायला अपुरं, सोकावायला पुरेसं. सोकावलेल्या जंतूला ते कफात कितीही मिळालं तरी फरक पडत नाही. फ्लुरोक्विनोलोनची गोष्ट आणखी वेगळी. ती क्षयाच्या जंतूवरही चालतात. खोकल्याचा रुग्ण खरा क्षयाचा असेल तर आठवडाभराच्या लिव्होफ्लॉक्सासिनने त्याला बरं वाटू लागतं, थुंकीतले जंतू तात्पुरते कमी होतात, निदान लांबतं, आणि प्रतिकारक क्षयासाठी राखून ठेवायचं एक औषध हकनाक बोथट होतं. ज्या देशात दोन आठवड्यांच्या खोकल्याला थुंकी तपासायला सांगतात, तिथे ‘छातीत चांगलं शिरतं’ हा गुण एकटा पुढे करणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं.

आणि क्षयातच शिरण्याचा प्रश्न सगळ्यात गुंतागुंतीचा होतो. क्षयाच्या जुन्या गाठींच्या मधोमध मृत पेशींचा घट्ट गर असतो, त्यात एकही रक्तवाहिनी नसते. औषधाला काठापासून आत झिरपतच जावं लागतं. व्हेरोनिक डार्टोआ यांच्या गटाने दक्षिण कोरियात शस्त्रक्रियेने काढलेल्या क्षयग्रस्त फुप्फुसांचे पातळ काप घेऊन प्रत्येक बिंदूवर कोणतं औषध किती आहे याचे नकाशेच काढले. ते २०१५मध्ये प्रसिद्ध झाले. रिफाम्पिसिन गरात हळूहळू साठत जातं आणि पायराझिनामाइड सहज पसरतं. मॉक्सिफ्लॉक्सासिन मात्र गराभोवतीच्या पेशींत दाटतं आणि गरात नीट शिरत नाही. त्याच्या आदल्याच वर्षी मॉक्सिफ्लॉक्सासिन घालून क्षयाचा सहा महिन्यांचा उपचार चारवर आणायचा मोठा प्रयत्न फसला होता. थुंकी लवकर स्वच्छ व्हायची, पण रोग जास्त वेळा उलटायचा. थुंकी ही फुप्फुसात पडलेल्या पोकळीच्या काठावरची खबर देते, गराच्या आतली नाही, हे या दोन गोष्टी शेजारी ठेवल्यावर कळतं. २०२१मध्ये चार महिन्यांचा उपचार जमला तेव्हा मॉक्सिफ्लॉक्सासिनच्या जोडीला रिफाम्पिसिनच्या कुळातलं रिफापेंटिन मोठ्या डोसात होतं. क्षय बरा झाला तरी अनेकदा मागे रुंदावलेल्या, कफ साचणाऱ्या श्वासनलिका ठेवून जातो. अशा श्वासनलिका असलेल्या भारतातल्या २,१९५ रुग्णांच्या नोंदवहीत ३५.५ टक्क्यांचं मूळ जुन्या क्षयात निघालं. आपल्याकडे कफात औषध उतरवण्याचा प्रश्न इतक्या लोकांचा आहे.

रक्ताची वाट अडचणीची असेल तर औषध थेट श्वासावाटे का देऊ नये, हा शेवटचा आणि सगळ्यात रास्त सवाल. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात कफ विलक्षण चिकट असतो, आणि त्यातलं म्युसिन हे चिकट प्रथिन व मेलेल्या पांढऱ्या पेशींचं डीएनए जेंटामायसिनच्या गटातल्या टोब्रामायसिनला धरून ठेवतात, इतकं की जंतू मारायला नेहमीच्या १० ते २५ पट औषध लागतं. शिरेवाटे एवढं दिलं तर कान आणि मूत्रपिंडं जातील. डिसेंबर १९९७मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या वाफेवाटेच्या ३०० मिलिग्रॅम टोब्रामायसिनने कफात दर ग्रॅमला सरासरी १,२०० मायक्रोग्रॅम मिळतात आणि रक्तात जेमतेम १. एवढी तफावत असली की वाटतं, कोडं सुटलं. पण वाफ जाते तिथेच जिथे हवा जाते, आणि न्यूमोनियाने घट्ट झालेल्या भागात हवाच जात नाही. शिवाय पुवातली आम्लता आणि ऑक्सिजनची कमतरता या गटाच्या औषधांना लुळं करते. व्हेंटिलेटरवरच्या सातशेहून अधिक न्यूमोनिया रुग्णांत शिरेतल्या औषधांच्या जोडीला वाफेवाटे अमिकासिन देऊन पाहिलं गेलं; श्वासनलिकेतली पातळी प्रचंड होती, आणि २०२०मध्ये निकाल प्रसिद्ध झाला तेव्हा जगलेल्यांचं प्रमाण औषध घेणाऱ्यांत ७५ टक्के, नुसती वाफ घेणाऱ्यांत ७७ टक्के. फ्रान्समधल्या डॉक्टरांनी वेळ बदलली. व्हेंटिलेटरवर तीन दिवस झालेल्या पण अजून न्यूमोनिया न झालेल्या ८४७ रुग्णांपैकी निम्म्यांना त्यांनी लागोपाठ तीन दिवस रोज एकदा तेच अमिकासिन वाफेवाटे दिलं. त्या वेळी ना पू साचलेला होता ना फुप्फुस घट्ट झालेलं, आणि हवा सगळीकडे खेळत होती. अठ्ठावीस दिवसांत औषध घेणाऱ्यांपैकी १५ टक्क्यांना न्यूमोनिया झाला, न घेणाऱ्यांपैकी २२ टक्क्यांना.